कपाटाचे बडवे

पंढरपूरच्या बडव्यांचा देवळावरचा हक्क २०१४ साली सुप्रीम कोर्टानं कायमचा संपवला. पिढ्यान्‌पिढ्या विठोबाला बापाची इस्टेट समजून बसले होते. कोर्ट म्हणालं, उठा. उठले. पण बडवा काय एका देवळापुरता असतो? जिथं काहीतरी मोलाचं साठवलेलं असतं आणि दाराशी एक माणूस ‘तू आत ये, तू पायरीवर थांब’ असं ठरवत उभा असतो, तिथं बडवा असतो. विठोबा मोकळा झाला. चोखोबा अजून पायरीशीच आहे.

मी ज्या बडव्यांबद्दल लिहितोय ते सोवळं नेसत नाहीत. झब्बा घालतात. हळू बोलतात. चहा देतात, आणि कपबशी सगळ्यांना एकसारखी देतात. त्यांच्या घरात काचेची कपाटं असतात आणि कपाटात गाण्याच्या प्लेटा. त्यांच्या तोंडी ‘ध्वनिमुद्रिका’. आमच्यात प्लेटच म्हणतात.

आधीच सांगून टाकतो, प्लेटा जमवणाऱ्या सगळ्यांना शिव्या घालायला मी बसलेलो नाही. १९९० साली मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स निघाली. तिनं ‘द रेकॉर्ड न्यूज’ चालवलं, कोण गायलं, कधी गायलं, प्लेटचा नंबर काय, याची नोंद ठेवली. असं काम करणारी माणसं नसती तर कितीतरी गाणं चोरबाजारात मटण स्ट्रीटच्या भंगारात गेलं असतं. मी मुंबईला गोदीत काम करतो. पाळी सुटली की कधी कधी पायी तिकडं जातो. फुटक्या प्लेटांचे ढीग मी डोळ्यानं बघितलेत. त्या ढिगातून एक प्लेट उचलून, पुसून, तिचं नाव-गाव शोधणाऱ्याला माझा सलाम. माझं भांडण जमवण्याशी नाही. दाराशी आहे.

आता दाराची गोष्ट.

सुट्टीत गावी आलो होतो. कोल्हापुरात एका बंगल्यात महिन्यातून एकदा जुनी गाणी ऐकायची बैठक भरते असं कळलं. सर्वांना मुक्त प्रवेश. बंगला कुणाचा ते सांगत नाही, असे बंगले सगळ्या शहरांत आहेत. माझ्याकडं एक कॅसेट होती. १९८७ च्या चौदा एप्रिलच्या रात्री गडमुडशिंगीत आमच्या वस्तीत जयंतीला गायन पार्टी झाली, तिचं रेकॉर्डिंग. ढोलकीवर माझा बाप, वय तेव्हा एकोणीस. गाणारी माझी आत्ती. मी सहा वर्षांचा असताना ती गेली. तिचा फोटो एकच आहे, तोही लग्नातला, मान खाली घातलेला. मान वर केलेली आत्ती फक्त त्या कॅसेटीत आहे.

निघताना बाप म्हणाला, ‘जपून ने रं. तुझी आत्ती हाय त्यात.’

बंगल्यात यजमानांनी प्रेमानं विचारलं, ‘कुठले आपण?’

‘गडमुडशिंगी.’

‘मुडशिंगीत कुठं?’

दोस्तहो, हा प्रश्न तुम्हाला नवा नाही. भूगोलाचा वाटतो, भूगोलाचा नसतो. मी सांगितलं कुठं. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. सुशिक्षित माणसाच्या चेहऱ्यावर हलत नाही. फक्त पुढची वाक्यं मऊ झाली. माझी पाळी आली तेव्हा ते म्हणाले, ‘हे बघा, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो. पण मंडळाचे काही नियम आहेत. एक, आपण इथं प्लेटा ऐकतो, कॅसेट नाही. दोन, प्रचारकी काही लावत नाही, कुठल्याच बाजूचं. आणि तीन, थोडा दर्जा बघावा लागतो. राग मानू नका.’

राग मानला. मानलाय म्हणूनच हे लिहितोय.

घरी आलो. बापानं विचारलं, ‘आवाज चांगला आला का तिचा?’

‘लावलीच नाही. दर्जा नाही म्हणाले.’

बाप जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘लावलीच न्हाई, तर मग त्यांस्नी कळलं कसं?’

चौथी शिकलेल्या माणसाचा हा प्रश्न आहे. याचं उत्तर त्या बंगल्यातल्या एकाही पदवीधराकडं नाही. त्यांना आवाज ऐकायची गरजच पडली नाही. ‘मुडशिंगीत कुठं’ याचं उत्तर ऐकलं तेवढं पुरलं.

आता त्या तीन नियमांची सालं काढू.

नियम पहिला : फक्त प्लेटा. माझ्या आधी अर्धा तास एका गृहस्थानं जुन्या खाजगी मैफलीचं टेप लावलं होतं. प्लेट नव्हे, टेप. कुणाच्या तरी दिवाणखान्यात घेतलेलं. त्यात खोकला होता, कपबशीची खडखड होती, मध्येच कुणीतरी पान विचारत होतं. सगळे डोळे मिटून बसले. कुणी नियम काढला नाही. उलट खोकल्यालाच दाद मिळाली, ‘अहो, हा खुद्द अमक्यांचा खोकला!’ आमच्या कॅसेटीत पोर रडतं, कुत्रं भुंकतं, लायटी जातात आणि येतात. तो मात्र गोंगाट. त्यांचा खोकला इतिहास, आमचं रडणारं पोर गोंगाट. मग नियम प्लेटेचा आहे की खोकणाऱ्याचा?

आणि प्लेट तरी काय आभाळातून पडली? जुनी ७८ ची प्लेट लाखेची असते. लाख म्हंजे पळसाच्या, कुसुमाच्या, बोरीच्या फांदीवर किड्यानं सोडलेली राळ. छोटा नागपूरच्या रानात आदिवासी बाया-माणसांनी ती फांद्यांवरून खरवडली. तिच्यात दगडाची भुकटी मिसळली, काजळी मिसळली, साच्यात दाबली, झाली प्लेट. सुरुवातीला गाणं इथं घ्यायचे आणि प्लेट जर्मनीत हॅनोव्हरला छापायचे. कलकत्त्याला कारखाना निघाला १९०८ साली. म्हंजे लाख बोटीनं परदेशी जायची आणि प्लेट होऊन बोटीनं परत यायची. चढवताना-उतरवताना खांदे कुणाचे होते? प्लेटेवरच्या गोल कागदावर कंपनीचं नाव आहे, रागाचं आहे, गाणाराचं आहे. खांद्याचं नाही. तमिळनाडूच्या टी. एम. कृष्णानं २०२० साली मृदंग बनवणाऱ्यांवर ‘सेबास्टियन अँड सन्स’ नावाचं पुस्तक लिहिलं, तेव्हा कुठं कर्नाटक संगीताच्या भक्तांना आठवलं की मृदंगाला कातडं लागतं, आणि कातडं सोलणारा-कमावणारा माणूस असतो.

लाखेची प्लेट महाग होती, वाजवायचा फोनो त्याहून महाग. आमच्या वस्तीत ते आलंच नाही. आमच्या हातात आवाज आला तो १९८० नंतर, कॅसेटीतून. ती स्वस्त होती. तिच्यावर कंपनीच्या साहेबाला न विचारता गाता येत होतं. सहा डिसेंबरला शिवाजी पार्कावर पुस्तकांच्या शेजारी कॅसेटींचे ढीग लागायचे. माणूस चैत्यभूमीवर माथा टेकायचा, आणि एक पुस्तक आणि एक कॅसेट घेऊन गावची गाडी धरायचा. आमची पहिली लायब्ररी ती. तेव्हा ‘फक्त प्लेटा’ या नियमाचा सरळ अर्थ असा : ज्या काळात तुमच्याकडं आवाज साठवायला पैसा नव्हता, तोच काळ आम्ही इतिहास मानतो.

नियम दुसरा : प्रचार नको. त्याच संध्याकाळी शिवाजी महाराजांचा पोवाडा वाजला. छान वाजला. मीही मान डोलावली. पण पोवाडा प्रचार नाही? स्तोत्र प्रचार नाही? देशभक्तीच्या प्लेटा प्रचार नाहीत? विठ्ठलाचं गाणं म्हंजे भक्ती, आणि पोरं शाळेत घाला, मेलेलं ढोर ओढू नका, दारू सोडा, हे सांगणारं गाणं म्हंजे प्रचार! प्रल्हाद शिंदेंचा गळा घ्या. २००४ साली वारले. त्यांनी गायलेली विठ्ठलाची गाणी आषाढीला मराठी घराघरांत वाजतात. त्याच गळ्यानं भीमगीतं गायली, कव्वाल्या गायल्या. गळा एक, श्वास एक. पण अर्धा गळा माजघरात आणि अर्धा गळा गावकुसाबाहेर. गळ्याचीसुद्धा वाटणी करून दाखवली यांनी!

नियम तिसरा : दर्जा. हा खरा नियम. पहिले दोन याचे अंगरखे.

दर्जाच्या गोष्टी करणाऱ्यांनी आपल्या कपाटातली सगळ्यात जुनी प्लेट काढून बघावी. नोव्हेंबर १९०२. ग्रामोफोन कंपनीचा गेझबर्ग कलकत्त्यात हॉटेलच्या खोलीत कर्णा मांडून बसला. प्रतिष्ठित गवई कर्ण्यापुढं यायला का-कू करत होते. आल्या त्या कोठ्यावरच्या बाया. गौहर जान आली, गायली, आणि गाणं संपताना तिनं इंग्रजीत स्वतःचं नाव ठणकावून सांगितलं. हॅनोव्हरच्या कामगाराला कळावं ही प्लेट कुणाची. ज्यांना भल्या घराचा उंबरा बंद होता, त्यांच्या गळ्यावर हा सगळा धंदा उभा राहिला. केसरबाई केरकर गोव्याच्या कलावंत समाजातल्या. त्यांच्या समाजातल्या बायांना लग्नाचा हक्क नाकारणाऱ्या देशानं १९७७ साली अभिमानानं ऐकलं की अमेरिकेनं व्हॉयेजर यानातून त्यांचं गाणं सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर आकाशात पाठवलं. आज कुणी म्हणेल का दर्जा नव्हता? तेव्हा म्हणणारे मात्र ह्यांचेच आजे होते.

केसरबाईंचे गुरू अल्लादिया खाँ. आमच्या कोल्हापूरचे, शाहू महाराजांच्या दरबारातले. खाँसाहेबांची एकही प्लेट नाही. तरी खाँसाहेब मेले का? त्यांचं घराणं आहे, त्यांच्या बंदिशी आहेत, त्यांच्या नावानं कार्यक्रम होतात. का? कारण त्यांचं गाणं जपण्यासारखं आहे असं मानणारा एक वर्ग होता, ज्याच्या हातात दिवाणखाना होता, लेखणी होती, ट्रस्ट होता. नीट ध्यानात घ्या. माणूस प्लेटेमुळं जिवंत राहत नाही. तो जपण्यालायक आहे असं ठरवणाऱ्यामुळं राहतो. ज्याला जपायचं ठरवलं तो प्लेटेवाचून टिकतो. ज्याला टाकायचं ठरवलं तो कॅसेट घेऊन दारात उभा राहिला तरी लावली जात नाही.

मार्च १९२०. माणगावची परिषद. आमच्या गावापासून फार लांब नाही माणगाव. तिथं शाहू महाराजांनी भर सभेत अस्पृश्यांना सांगितलं, तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला. तो पुढारी, अठ्ठावीस वर्षांचा भीमराव आंबेडकर, तिथंच बोलला. या देशात कर्णा येऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. कंपनीची माणसं गावोगावी गाणं शोधत फिरत होती. माणगावात कर्णा मांडावा असं कुणाला वाटलं नाही. पुढं भीमराव कर्डकांचे जलसे रात्र रात्र चालले, माणसं मैल मैल तुडवून ऐकायला गेली. तीन मिनिटांच्या प्लेटेत जलसा मावत नाही म्हणाल, तर तासाचा ख्याल कापून तीन मिनिटांत बसवलाच की तुम्ही! मावतं सगळं. मावून घ्यायची दानत लागते.

आणि त्याच १९२० सालच्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कला मेमी स्मिथ नावाच्या काळ्या बाईनं ‘क्रेझी ब्लूज’ गायलं. काळ्या गळ्यातलं ते पहिलं ब्लूज प्लेटेवर आलं आणि धडाधड खपलं. गोऱ्या कंपन्यांनी काय केलं? काळ्यांच्या प्लेटांची यादीच वेगळी काढली, नाव दिलं ‘रेस रेकॉर्ड्स’. तिकडचा महारवाडाच म्हणा. पुढं १९४० नंतर गोरे संग्राहक आले. त्यांनी त्या प्लेटा वाचवल्या, हे खरं. पण अस्सल कोण हेही त्यांनीच ठरवलं. मा रेनी, बेसी स्मिथ, ज्या बायांच्या प्लेटा काळ्या कामकऱ्यांनी पोटाला चिमटा काढून विकत घेतल्या, त्या बाजूला सारल्या. आणि ज्या एकट्या गिटारवाल्याची प्लेट फारशी कुणी घेतली नव्हती, तो अस्सल ठरला. का? प्लेट दुर्मिळ होती म्हणून. काळ्या माणसाला स्वतःचं काय आवडलं होतं, हे गोऱ्या कपाटवाल्यानं त्याला विचारलंच नाही. १९७२ साली आपल्या पोरांनी ब्लॅक पँथरवरून दलित पँथर हे नाव घेतलं ते उगाच नव्हे. दुखणं एकाच जातीचं होतं.

दुर्मिळ! हा शब्द ऐकला की संग्राहकाच्या डोळ्यात पाणी येतं. आत्तीची कॅसेट जगात एकच आहे. यापेक्षा दुर्मिळ काय असतं? पण दुर्मिळ ते, ज्याला त्यांच्या बाजारात भाव आहे. ज्याला भाव नाही ते दुर्मिळ नसतं. ते फक्त गायब होतं.

त्यांच्या कपाटाबाहेर आमचा आवाज कसा टिकला बघा. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं मेली. त्यानंतर चार दिवसांनी शाहीर विलास घोगरेनं गळफास घेतला. विलासचा आवाज आज ऐकू येतो तो आनंद पटवर्धनांच्या ‘हमारा शहर’ आणि ‘जय भीम कॉम्रेड’ या फिल्ममधून. कॅमेरा वस्तीत गेला म्हणून आवाज राहिला. आणि वामनदादा कर्डक बघा. अडाणी म्हणून वाढलेला, मोठेपणी अक्षर शिकलेला हा माणूस शेवटच्या कडव्यात ‘वामन’ गुंफून जायचा. शाहिरांची जुनी रीत. कॅसेटीवर कवीचं नाव छापो न छापो, ‘पारंपरिक’ असं छापून पैसे बुडवो, कडव्यातला वामन खोडता येत नाही. गौहर जाननं गाणं संपल्यावर नाव सांगितलं, वामनदादानं गाण्याच्या आत सांगितलं.

पण दोस्तहो, सगळी थुंकी त्यांच्याच अंगावर उडवून चालणार नाही. आपल्या घरातही बघू. मोबाईल आला तेव्हा कॅसेटी किलोवर भंगारवाल्याला कुणी दिल्या? आपणच. जयंतीला भिंतीएवढे स्पीकर लावून, छाती फुटेपर्यंत बडवून, म्हाताऱ्या शाहिराला माईक न देता घरी कुणी पाठवला? आपणच. गायन पार्टीच्या बोर्डावर ढोलकीवाल्याचं नाव आलं, पेटीवाल्याचं आलं, मंडपवाल्याचंसुद्धा आलं, आणि कोरसमधल्या बायांची नावं ‘आणि इतर’ मध्ये कुणी ढकलली? आपल्याच पुरुषांनी. मातंगाचा शाहीर वेगळा, बौद्धाचा वेगळा, चांभाराचा वेगळा, अशी कपाटं आपणही करून ठेवलीत. बडव्याला शिव्या देता देता आपल्या उंबऱ्यावरही एक छोटा बडवा बसलाय. त्यालाही उठवायला पाहिजे.

आणि वेळ नाही. बंगल्यातून आल्यावर दुसऱ्या दिवशी मी ती कॅसेट घरच्या टेपवर लावली. तिसऱ्या गाण्यात पट्टी अडकली, चुरगाळली. पेन्सिल घालून गुंडाळली, हातानं सरळ केली, पण आत्तीचं दीड कडवं गेलं. बाप काही बोलला नाही. कॅसेटीची पट्टी म्हंजे प्लॅस्टिकवर लावलेला लोखंडाचा ऑक्साईड, म्हंजे गंजच. गोदीत रोज गंज बघतो मी. माझ्या आत्तीचा आवाज गंजाच्या भुकटीवर लिहिलेला आहे. दमट हवेत तिला बुरशी धरते, उन्हात पट्टी वाकते. लाखेची प्लेट आपटली नाही तर शंभर वर्षं गाते. आमच्या कॅसेटी चाळिशीतच मरायला लागल्यात, आमच्या माणसांसारख्या.

कायदा म्हणतो ध्वनिमुद्रणाचा हक्क साठ वर्षं. १९८५ साली निघालेली कॅसेट २०४६ साली मोकळी होणार. कंपनी कधीच बुडालेली, मालक सापडत नाही, आणि तोवर पट्टीची माती. पण त्याच कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनं एक फट ठेवलीय : नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाकडं मूळ प्रत असेल, तर जपण्यासाठी तिची डिजिटल प्रत ठेवता येते. वस्तीतल्या विहारात, समाजमंदिरात बाबासाहेबांच्या नावाचं वाचनालय असेल तर त्याची रीतसर नोंदणी करा. कॅसेटी वाचनालयाच्या नावावर जमा करा.

जुनी कॅसेट एकदम लावू नका, मी ती चूक केली. आधी पूर्ण पुढं, पूर्ण मागं फिरवून घ्या. टेपचं हेड स्पिरिटनं पुसा. स्पीकरच्या लोहचुंबकाजवळ ठेवू नका. कॉपी केली की ती मोबाईलवरून दहा ठिकाणी ढकलून आवाज बारीक करू नका, मूळ फाईल दोन वेगळ्या घरांत ठेवा. आणि वही घाला. गाणं कुणाचं, गायलं कुणी, ढोलकी कुणाची, कोरसमध्ये कोण कोण बाया, गाव कुठलं, साल कुठलं. ‘आणि इतर’ हा शब्द त्या वहीत येता कामा नये. वस्तीतल्या म्हाताऱ्या बायांना बसवून कॅसेट ऐकवा. त्या आवाजावरून माणूस ओळखतात.

बंगल्यातल्या सज्जनांना एवढंच सांगणं : तुम्ही आमच्यासाठी दार उघडावं म्हणून हे लिहिलेलं नाही. चवदार तळ्याचं पाणी गोड होतं म्हणून बाबासाहेब महाडला गेले नव्हते. आम्ही आमची वही घालतोय. तुमच्या प्लेटांची यादी आणि आमच्या कॅसेटींची यादी एक दिवस शेजारी शेजारी ठेवली जाईल. तेव्हा तुमच्या यादीतली भोकं किती मोठी होती ते तुमच्याच नातवंडांना दिसेल.

त्या कॅसेटीच्या दुसऱ्या बाजूला, अगदी शेवटी, ढोलकी थांबल्यावर आत्तीनं माईक हातात घेतलाय. गौहर जान तिला माहीत असायचं कारण नव्हतं. तिनं स्वतःचं पूर्ण नाव सांगितलंय, बापाचं नाव लावून. मग म्हणते, राहणार गडमुडशिंगी. आणि एकदम हसते. तेवढी पट्टी अजून शाबूत आहे. माझ्या वहीत पहिली नोंद ती आहे.

तुमची आणा.

— एक गोदी कामगार, गडमुडशिंगी